दुधाने हात धुणारी माणसं

वाघोलीत आमच्या कंपनीला कोणी नावाने ओळखत नाही. रिक्षावाल्याला ‘दुधाने हात धुतात ती’ असं सांगितलं की तो बरोबर आमच्या रोपांच्या काचघराच्या फाटकाशी आणून सोडतो. त्यात खोटं काही नाही. काचघराच्या दारात पातळ दुधाचा एक निळा टब असतो आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने त्यात कोपरापर्यंत हात बुडवायचे असतात. टब भरलाय का आणि हात बुडाले का, हे बघायची नोकरी माझी. मी मंदाकिनी. पेठेतल्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर मुलींची नखं तपासली, त्यामुळे हे काम मला फारसं नवं नव्हतं. फक्त त्यासाठी धायरीहून वाघोलीला यावं लागतं. पुणे लहान शहर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा प्रवास सकाळच्या वेळी एकदा करून बघावा.

कंपनी आमोदची. त्याची आई आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. ती गेली, पण मुलगा मला मावशी म्हणत राहिला. कुत्रा चावला की जखमेभोवती जे इंजेक्शन देतात, त्यात रेबीजच्या विषाणूला धरून ठेवणारी प्रतिपिंडं असतात. ती घोड्याच्या नाहीतर माणसाच्या रक्तातून काढतात, हल्ली मोठ्या कारखान्यांत पेशी वाढवूनही काढतात, आणि तरी ती पुरत नाहीत. आमोदचं म्हणणं, हे काम झाडाकडून करून घ्यायचं. तंबाखूची एक लांबची बहीण आहे, ऑस्ट्रेलियाकडची, बुटकी आणि मऊ पानांची. तिच्यात त्याने प्रतिपिंडाची जनुकं बसवली आहेत. रोप वाढलं की पानात प्रतिपिंडं तयार होतात. मग पानं खुडायची, वाटायची, गाळायची आणि हवं तेवढं वेगळं करायचं. औषध माणसापर्यंत जायला अजून बरीच वर्षं आहेत. आधी उंदरांवर चाचणी. पण पुण्यातली कुत्री बघता गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही, एवढं मला विज्ञान न शिकताही समजलं.

ह्या रोपाची प्रकृती मात्र फार नाजूक. तंबाखूला होणारा प्रत्येक रोग हिला होतो आणि जरा जास्तच होतो. त्यातला सगळ्यात वाईट मोझॅक. पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे उठतात, पान आक्रसतं, आणि मग त्यातून काढलेल्या प्रतिपिंडाचा काही भरवसा राहत नाही. हा विषाणू चिवट आहे. वाळवलेल्या, भाजलेल्या, पुडीत भरलेल्या तंबाखूतही तो टिकून राहतो. तंबाखू मळलेल्या बोटांनी कोणी पानाला हात लावला की झालं. दुधाने तो बराचसा अडतो, म्हणून तो टब. आणि दुधावर विसंबायचं नको, म्हणून नियम: विडी, सिगरेट, तंबाखू, मिसरी ह्यांपैकी काहीही असणाऱ्या माणसाने काचघरात पाऊल टाकायचं नाही. नियम मीच मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावला.

मुक्ताबाई आल्या त्या कामाच्या जाहिरातीवरून नाही. एके सकाळी त्या फाटकाशी उभ्या राहून आत बघत होत्या. नऊवारी पातळ, हातात पाटल्या, मागे रस्त्यावर त्यांच्या मुलाची पांढरी मोठी गाडी.

“हितं म्या कांदं काढल्यात,” त्या म्हणाल्या. “ह्या काचंखाली.”

जमीन त्यांच्याच घरची होती. मुलांनी विकली, जवळच तीन मजली बंगला बांधला आणि मातीचा त्रास नको म्हणून अंगणभर फरशी घातली. मुक्ताबाईंना पैशाची ददात नव्हती. त्यांना हात घालायला माती नव्हती. असं त्यांनी मला दुसऱ्या भेटीत सांगितलं आणि काम मागितलं. मी त्यांना नियम वाचून दाखवला. त्या हसल्या, तेव्हा त्यांचे दात दिसले. मिसरीने काळे झालेले, हिरड्यांपाशी अगदी शाईसारखे. पोरवयापासून रोज सकाळी मिसरी लावत होत्या.

“सोडते,” त्या म्हणाल्या.

मला हे खरं वाटलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. मिसरी सोडली की डोकं उठतं, पोट साफ होत नाही, घरातल्या प्रत्येकावर राग येतो. सगळं झालं. अधूनमधून त्या फाटकाशी यायच्या, काचेतून रोपं बघायच्या आणि लवंग चघळत परत जायच्या. सुनांशी त्या काळात इतकी भांडणं झाली म्हणे, की थोरल्या मुलाने स्वतः मिसरीची पुडी आणून पुढ्यात ठेवली. मुक्ताबाईंनी ती गटारात ओतली. उन्हाळा सरता सरता त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “सुटली. आता घ्या.” आम्ही घेतलं. तेव्हापासून काचघरातली त्यांची रांग कुठली हे सांगावं लागायचं नाही. जिथे रोपं तरतरीत ती त्यांची.

आमच्याकडे प्रत्येक नव्या लागवडीचा शुभारंभ होतो. ही आमोदच्या घरची पद्धत. पहिलं रोप श्रीनिवाससरांच्या हातून लावायचं. सर म्हणजे आमोदचे वडील, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पुण्यातली निम्मी शेतकी मंडळी त्यांच्या हाताखालून गेलेली. पांढरा शर्ट, टोकदार नाक, ऐंशीच्या घरातही ताठ मान. कुठल्याही कामाला आरंभ करण्याआधी ते खिशातली चांदीची डबी काढायचे, दोन बोटांत तपकिरीची चिमूट धरून नाकाला लावायचे, रुमाल झटकायचे आणि म्हणायचे, “हं, चला.” वर्गातही ते असाच आरंभ करत, असं त्यांचे विद्यार्थी कौतुकाने सांगतात. पहिल्या कुंडीला मी हळदीकुंकवाचं बोट लावायची, सर रोप लावायचे, आणि सगळे त्यांच्या पाया पडायचे. लागवडीच्या दिवशी कोणीच हातमोजे घालत नाही. कोवळी पानं रबरात चेंबतात.

आता सांगते त्या वेळची लागवड महत्त्वाची होती. तिच्या पानांतून निघालेली प्रतिपिंडं उंदरांच्या चाचणीला जायची होती आणि लागवड बघायला बाहेरून तज्ज्ञ मंडळी येणार होती. पहिली कुंडी मुक्ताबाईंच्या रांगेत ठेवली, कारण रांग त्यांची चांगली. राधा नावाची आमच्याकडे एक मुलगी आहे, धायरीची, मला सकाळी स्कूटरवरून आणते. तिने दुधाचा टब उचलून सरांपुढे धरला. आमोदने तिला डोळ्यांनीच मागे सारलं. ज्यांच्या पाया पडायचं, त्यांना हात धुवा म्हणून कसं सांगणार? मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सरांनी रोप लावलं, फोटो निघाला, पेढे वाटले.

पानांवर चट्टे दिसले तेव्हा रोपं चांगली वीतभर झाली होती. मुक्ताबाईंच्याच रांगेत दिसले, आणि दोन-चार दिवसांत ती रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. आमोदने पानाचा तुकडा वाटून त्या रसात तपासणीची पट्टी बुडवली. तिच्यावर दोन रेघा उमटल्या. मोझॅक. आमोद पट्टी हातात धरूनच खुर्चीत बसला. मग त्याने एकच शब्द विचारला.

“कोण?”

हा प्रश्न त्याने मला विचारला, पण उत्तर काचघरातल्या प्रत्येकाकडे तयार होतं. रांग मुक्ताबाईंची, दात मुक्ताबाईंचे. मी त्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं.

“मुक्ताबाई, खरं सांगा. पुन्हा सुरू केलीत?”

“न्हाय बाई.”

“चोरून? एखाद्या दिवशी?”

“न्हाय म्हनलं ना.”

“दात दाखवा.”

शाळेत हेच वाक्य मी शेकडो मुलींना म्हटलं असेल. साठीच्या बाईला म्हणताना माझा आवाज जराही बदलला नाही, हे मला आजही ऐकू येतं. मुक्ताबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग दोन बोटांनी ओठ बाजूला ओढून दात दाखवले. काळे होते. ते काळेच असणार होते.

“डाग जुना हाय, बाई. डाग जात न्हाय.”

“तुमच्याच रांगेत का आलं मग?”

“त्ये मला कसं ठावं? तुमी शिकल्याल्या.”

मी आमोदकडे बघितलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. “उद्यापासून येऊ नका,” असं मीच म्हणाले. मुक्ताबाईंनी अंगातला पांढरा झगा काढला, त्याची नीट घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. जाताना त्यांनी दारातल्या टबात हात बुडवले. बाहेर पडताना हात बुडवायचा नियम नाही. त्या ओल्या हातांनीच फाटकाबाहेर गेल्या.

ती सगळी रोपं मुळासकट उपटून वाफेच्या मोठ्या टाकीत शिजवली. जनुकं बदललेलं रोप जिवंत बाहेर जाऊ द्यायचं नसतं. दिवसभर काचघरात पालेभाजी उकडल्याचा वास होता. तज्ज्ञ मंडळींना पुढची तारीख कळवली, आणि आमोदने नवीन लागवडीची तयारी सुरू केली. ह्या वेळी त्याने माती बदलली, कुंड्या बदलल्या, बाकं धुतली. शुभारंभाला सर आले. “हं, चला,” म्हणाले. पहिली कुंडी राधाच्या रांगेत होती.

पुन्हा चट्टे आले. राधाच्या रांगेत.

आमोद राधाला विचारत होता, तेव्हा मी तिथेच होते. घरी कोणी सिगरेट ओढतं का, स्कूटरवर मागे कोणी बसतं का, टपरीवर चहा पितेस का. राधाने सरळ मान ठेवून उत्तरं दिली. “माझे बाबा सुपारीपण खात नाहीत, सर. आणि स्कूटरवर मागे मॅडम बसतात.” आमोदने माझ्याकडे बघितलं. क्षणभर त्याला माझाही संशय आला असावा, आणि तो क्षण मला सोसला नाही. मुक्ताबाईंना जे सहन करायला लावलं, त्याचा एवढासा अंश माझ्या वाट्याला आला होता.

मी काचघरात गेले. शाळेत कॉपी पकडायची माझी एक रीत होती. एकच चूक बऱ्याच पेपरांत सापडली की मी मुलींना बोलावत नसे. पेपर बसण्याच्या क्रमाने लावायचे आणि ती चूक मागे मागे नेत जायची. जिथे ती चूक स्वतःच्या अकलेने केलेली दिसते, तिथे थांबायचं. मी राधाच्या रांगेच्या शेवटापासून उलटी चालत आले. चट्टे वाढत गेले, जुने होत गेले. सगळ्यात जास्त आक्रसलेलं रोप पहिल्या कुंडीत होतं. कुंडीच्या कडेवर हळदीकुंकवाचं बोट होतं. माझंच. आणि मागच्या खेपेला मुक्ताबाईंची रांगही ह्याच टोकापासून बिघडत गेली होती, हे तेव्हाच दिसायला हवं होतं. मुक्ताबाई त्या पहिल्या रोपाची पानं साफ करून त्याच हातांनी पुढच्या रोपाकडे जात होत्या. रोज, नेमाने, जीव लावून.

त्या पहिल्या कुंडीत रोप लावणारे हात कोणाचे, हे आठवायला मला डोकं खाजवावं लागलं नाही.

संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर वाचत होते.

“सर, डबीतली चिमूटभर द्या.”

“तुम्ही कधीपासून?”

“आजपासून.”

त्यांना गंमत वाटली. त्यांनी उदारपणे मोठी चिमूट कागदावर दिली. दुसऱ्या दिवशी आमोदने ती पाण्यात कालवली आणि त्यात पट्टी बुडवली. मी त्याला कुठून आणली ते आधी सांगितलं नव्हतं. दोन रेघा आल्या तेव्हा सांगितलं. आधीच्या लागवडी वाचल्या होत्या त्या निव्वळ नशिबाने. आमोद उठून पाणी प्यायला आणि म्हणाला, “मावशी, बाबांना नको सांगायला. बियाण्यातून आलं असं म्हणू.”

“आणि मुक्ताबाईंना काय म्हणायचं?”

त्याने पट्टी उचलून कचऱ्यात टाकली. म्हणून सरांना मीच सांगितलं. त्यांनी डबी काढून तळहातावर ठेवली.

“मोझॅक हा माझा आवडता धडा होता,” ते म्हणाले. “तंबाखू खाणाऱ्या मजुरांच्या हातून तो कसा पसरतो, हे मी किती वर्षं फळ्यावर काढलं. तपकीर म्हणजे तंबाखूच, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो मजूर मी असेन असं कधी मनात आलं नाही.”

“आमच्याही नाही आलं. नियमात मी मिसरी लिहिली, तपकीर लिहिली नाही.”

“त्या बाईंकडे मी येतो,” सर म्हणाले.

रविवारी सर, आमोद आणि मी वाघोलीला गेलो. मुक्ताबाई बंगल्याच्या पायरीवर बसल्या होत्या. समोर फरशीचं अंगण, फरशीवर सुनेने ठेवलेली प्लॅस्टिकची झाडं. मुक्ताबाईंच्या डाव्या तळहातावर काळी पूड होती आणि उजव्या हाताचं बोट तोंडात. आम्हाला बघून त्यांनी बोट काढलं नाही. हिरड्या नीट घासून झाल्यावर बाजूला थुंकल्या आणि मग म्हणाल्या, “या. बसा.”

मी जे घडलं ते सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. तुम्ही खरं बोलत होता, आम्ही चुकलो, मी चुकले, असंही म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. लाज वाटत होती, दुसरा शब्द नाही.

मुक्ताबाईंनी मध्ये एकदाच विचारलं, “रोपं काय केली?”

“शिजवून टाकली,” आमोद म्हणाला.

“सगळी?”

“हो. चांगली होती तीसुद्धा. तुम्ही परत या, मुक्ताबाई.”

त्यांनी तळहातावरची पूड त्याला दाखवली. “नव्हते लावत तवा खोटी म्हनून भाईर काडली. आता लावते, तर या म्हनताय.”

“पुन्हा सोडता येईल,” मी म्हणाले. “एकदा सोडलीच होती.”

“सोडली व्हती. झोप ग्येली, सुनंला नको नको त्ये बोलले, पर सोडली. कशापायी? तुमी इस्वास ठिवाल म्हनून. आता कशापायी सोडू, बाई?”

रस्त्यावरून सिमेंटचा ट्रक गेला. तेवढ्यात श्रीनिवाससर उठले आणि पायरीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी खिशातून डबी काढली आणि मुक्ताबाईंसमोर धरली.

“दोष माझा आहे,” ते म्हणाले. “रोग माझ्या हातून गेला, बोलणी तुम्ही खाल्लीत. मला माफ करा.”

मुक्ताबाईंनी डबी हातात घेतली, उघडली, वास घेतला आणि परत दिली. मग सरांकडे खालून वर निरखून बघितलं.

“तुमी सोडली का?”

सरांनी मान हलवली. “जमत नाही. प्रयत्न चालू आहे.”

“न्हायच जमत,” त्या म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता. मग त्या सरांना म्हणाल्या, “दात दाखवा.”

आमोद चपापून पुढे झाला. सरांनी हातानेच त्याला थांबवलं. त्यांनी चष्मा सावरला, थोडे वाकले आणि शाळेतल्या मुलासारखं तोंड उघडलं. तपकीर नाकात जाते. सरांचे दात पांढरेशुभ्र होते.

मुक्ताबाईंनी ते नीट बघितले. वरचे बघितले, खालचे बघितले. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

“सोच्छ हायत की, बाई,” त्या म्हणाल्या. “तुमच्या तपासनीत ह्ये पास.”

मुक्ताबाई उठल्या, नळाशी जाऊन बोट धुतलं, चूळ भरली आणि आत चहा टाकायला सांगितला. चहा होईपर्यंत त्यांनी राधाची चौकशी केली आणि रोपांना पाणी सकाळी घालता की संध्याकाळी, ते विचारलं. आमोदने सांगितलेलं त्यांना पटलं नाही. आम्ही निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या, पण कामावर येते असं म्हणाल्या नाहीत.

नंतरच्या लागवडीचा शुभारंभ झाला नाही. राधाने दुधात हात बुडवून पहिलं रोप लावलं. पानं चांगली आली, प्रतिपिंडं निघाली, उंदरांच्या चाचणीला गेली. दारावरच्या नियमात मी तपकीर हा शब्द घातला. मुक्ताबाईंचा घडी केलेला झगा अजून बाहेरच्या खोलीत त्याच खुर्चीवर आहे. मी तो उचलत नाही आणि त्या खुर्चीवर कोणाला बसू देत नाही.